राजांची यादी गुगलवर मिळते, मग संशोधन कसलं?

(नाशिकच्या एका वडिलांचं पत्र. मुलगी बारावी सायन्सला, दहावीला ९१ टक्के. तिला प्राचीन इजिप्तच्या राजघराण्यांचा कालक्रम आणि धर्म यांवर संशोधन करायचंय. वडील म्हणतात, आधी इंजिनिअरिंग. 'तिच्या डोक्यातलं हे खूळ कसं काढू?')

नमस्कार.

दोन पानी पत्रात टक्के पुन्हा पुन्हा आलेत, मुलीला काय वाटतं ते एकदाही नाही. तेही सोडून दिलं असतं. पण चित्रलिपी गिरवायची तिची वही तुम्ही 'सीईटी होईपर्यंत' कपाटात कुलूप लावून ठेवलीत, आणि वर हे कौतुकाने कळवलंत. कुणी न सांगता, क्लास न लावता पोर एक मृत भाषा शिकायला बसते, आणि शिक्षा काय, तर वही जप्त! मोबाइल काढून घेतला असता तर एकवेळ समजलो असतो. आता ती फिजिक्सचं पुस्तक उघडून बसेलही, पण तुमच्याशी मोकळेपणाने बोलायची नाही. वही आजच्या आज परत द्या. खूळ काढायचं काम माझ्याकडून व्हायचं नाही.

'राजांची यादी गुगलवर मिळते, आता शोधायचं काय उरलंय?' असं तुम्ही विचारता. ती यादी कुणीतरी जुळवलेली आहे आणि जुळवाजुळव अजून चालू आहे. तीस राजघराण्यांची विभागणी मॅनेथो या इजिप्शियन पुरोहिताची, इ.स.पू. तिसऱ्या शतकातली. त्याचा ग्रंथ हरवला, इतरांनी घेतलेले उतारे तेवढे उरले. अबायडोसच्या देवळात सेती पहिला या राजाने कोरवून घेतलेल्या यादीत ७६ राजे आहेत, पण हत्शेपसुत, अखेनातेन, तुतनखामेन सरळ गाळलेले. होरेमहेब राजाची कारकीर्द बरेच अभ्यासक २७-२८ वर्षांची धरत. त्याचं थडगं पुन्हा तपासलं, तेव्हा वाइनच्या रांजणांच्या खापरांवर त्याच्या कारकिर्दीच्या १४व्या वर्षापुढचं एकही साल सापडेना. झाली कारकीर्द निम्मी! वाद अजून आहेच.

धर्माचा यात काय संबंध म्हणाल, तर सक्काऱ्याला देव मानलेले एपिस बैल पुरत असत. एका बैलाच्या शिळेवर नोंद आहे की तो तहार्का राजाच्या कारकिर्दीच्या २६व्या वर्षी जन्मला, सामतिक पहिला या राजाच्या २०व्या वर्षी गेला आणि २१ वर्षं जगला. सामतिकची वर्षं इ.स.पू. ६६४पासून मोजतात, त्यामुळे तहार्का ६९०मध्ये गादीवर आला हे या बैलावरून ठरतं. त्याहून मागे जावं तशा तारखा सैल होत जातात. २०१०मध्ये रेडिओकार्बन (अवशेषांतल्या कार्बनवरून वय काढायची पद्धत) आणि संख्याशास्त्राची सांगड घालून हा कालक्रम तपासला गेला, म्हणजे तिचं सायन्स काही फुकट जात नाही.

पोटापाण्याची तुमची काळजी मात्र रास्त आहे. या विषयात भारतात नोकऱ्या जवळपास नाहीत आणि परदेशातही कायम जागा मोजक्याच. हे तिलाही स्पष्ट सांगा. शिवाय रोजचं काम ममी-पिरॅमिडपेक्षा व्याकरणाचं जास्त, आणि जर्मन-फ्रेंचवाचून पान हलत नाही.

सीईटीचा फॉर्म भरलाच आहे, तर परीक्षा देऊ दे. सायन्सवरून बी.ए.ला प्रवेश मिळतो. पण 'इंजिनिअरिंग करून मग बघू' हा तोडगा मला पटत नाही; चार वर्षं आणि तेवढी फी घालून पुन्हा पहिल्या पायरीवरच यायचं. त्यापेक्षा इथे एखादं वर्ष बी.ए. इतिहास, सोबत जर्मन, आणि मग गॉटिंगेनसारख्या ठिकाणी अर्ज. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाममात्र असते, खरा खर्च राहण्या-जेवणाचा. प्रवेशाच्या अटी एजंटकडून ऐकू नका, विद्यापीठाकडून लेखी मागवा.

बारावी संपली की जर्मनचा क्लास लावा. सहा महिन्यांत तिनेच सोडला, तर तुमचा प्रश्न मिटला. टिकली, तर पुढचं पत्र तिला लिहू दे, आणि तुम्ही शेजारी बसू नका.