घायपाताच्या दांड्याचा सर्फबोर्ड?

प्रश्न : आमच्या बांधावरच्या दोन घायपातांना यंदा तीन पुरुष उंच दांडे आलेत. पुतण्या गोव्यात अश्व्याला सर्फिंग करतो. तो म्हणतो, "काकू, तोडून टाकू नका, त्याचा सर्फबोर्ड, म्हणजे लाटांवर उभं राहून घसरायची फळी, होतो." थट्टा करतोय का? – एक वाचक, फलटण

उत्तर : नाही ताई, थट्टा नाही. मी अमेरिकेत, मेक्सिकोच्या सीमेलगत सॅन डिएगोला असतो आणि गॅरेजात असे दोन बोर्ड केलेत. त्याआधीचा एक सरपणात गेला. इथले सर्फबोर्ड घडवणारे गॅरी लिंडन तर अशा बोर्डांसाठी ओळखले जातात. घायपात मूळचा मेक्सिकोचा, त्यामुळे आमच्याकडे तो बागाबागांत दिसतो.

खरं तर हे लाकूडच नव्हे. शतावरीच्या कुळातली ही वनस्पती, वर्षानुवर्षं साठवलेलं सगळं एका फुलोऱ्यावर उधळते आणि मरते. राहतो तो दांडा. बाहेरून टणक साल, आत दोऱ्यादोऱ्यांचा हलका गर, बराचसा बाल्सा नावाच्या हलक्या लाकडासारखा.

मी पहिल्यांदा घाई केली. दांडा हिरवाच कापला. चीक मनगटावर उडाला आणि आठवडाभर खाजवत बसलो, कारण त्या चिकात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. वर तो दांडा वाळताना पिळवटला. तेव्हा तुम्ही तो झाडावरच वाळू द्या. टकटक केल्यावर पोकळ वाजला, की तोडायचा आणि पावसाआधी छपराखाली न्यायचा. बुंध्याशी किडीची भोकं असतील तर तेवढा भाग छाटा.

पुढचं काम सुताराचं. दांडा उभा चिरायचा, कडा रंध्याने सरळ करायच्या, पट्ट्या सरसाने शेजारी शेजारी चिकटवून क्लॅम्प लावायचे. माझ्या सहा फुटी बोर्डाला नऊ दांडे लागले, म्हणजे तुमचे दोन पुरायचे नाहीत. शेजाऱ्यांचे बांध बघा, पण विचारून! मधला गर रंध्याखाली भुसभुशीत उखडतो, तिथे हात हलका ठेवून पॉलिशपेपरच फिरवावा.

खरी गंमत इपॉक्सीची, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या राळेची. गर ते पाण्यासारखं पितो. आधी घट्ट इपॉक्सीचा एक थर घासून भोकं बुजवायची, मग फायबरग्लासचं कापड. हे काम संध्याकाळी, ऊन उतरताना करायचं. मी भर दुपारी केलं. गर तापला, आतली हवा फुगली आणि पापडाला यावेत तसे फोड आले. तोच तो सरपणातला बोर्ड.

वजन फोमच्या बोर्डापेक्षा जास्त भरतं. उड्या मारणाऱ्या पोरांना ते आवडत नाही. मला आवडतं, लाटेवर बोर्ड थरथरत नाही.

आणि दांडे तोडायला पुतण्यालाच बोलवा. पानांच्या टोकाचे काटे डोळ्याच्या उंचीवर असतात, आधी ते छाटायला सांगा.