टेन्शन नाही, आधी नळी बघा

मणक्याला मार लागलेल्या माणसाचं कुटुंब माझ्याकडे आलं की एक तक्रार हमखास ऐकू येते. "हे टेन्शन घेतात हो, म्हणून बीपी वर-खाली होतं. जरा समजावा." समजावण्याआधी मी लघवीच्या पिशवीबद्दल विचारते. नातेवाईक चक्रावतात. समुपदेशकाकडे आलोय की दवाखान्यात, असा भाव चेहऱ्यावर असतो.

महेश (नाव आणि तपशील बदललेत) पुण्यात नवले पुलाच्या उतारावर गाडीवरून पडला. मानेत मज्जारज्जूला इजा. हात थोडे हलतात, छातीखाली संवेदना नाही. बायकोने नोकरी सोडली होती.

"सकाळी खुर्चीत बसवलं की ह्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी, वरचं बीपी ८०. आणि मधेच कधीतरी डोकं ठणकतं, चेहरा लालभडक, तेव्हा १७०!"

"डोकं ठणकतं तेव्हा काय करता?"

"आडवं करते. शांत पडा म्हणते."

आपल्याकडे बहुतेक घरांत हेच करतात, आणि इथे नेमकं तेच घातक. छातीच्या सहाव्या मणक्यावर किंवा त्याच्या वर इजा असेल, तर भरलेलं मूत्राशय, बद्धकोष्ठ, चिघळलेली जखम, अगदी बोटात रुतलेलं नखसुद्धा शरीराला भडकवतं. इजेखालच्या रक्तवाहिन्या आवळतात. 'सैल पडा' हा मेंदूचा निरोप खाली पोचत नाही. बीपी चढतच जातं. अशा वेळी माणसाला ताठ बसवायचं, पाय खाली सोडायचे, पट्टे-कपडे सैल करायचे आणि कारण शोधायचं. अंधारी येते तेव्हा मात्र उलट: खुर्ची मागे कलती करून पाय वर.

हे कळल्यावर बायकोची भीती ओसरली. महेश मात्र गप्पच. मी विवेकनिष्ठ विचारसरणीची. घटनेपेक्षा माणसाने तिचा लावलेला अर्थ त्याला जास्त छळतो, असं मानते. महेशने लावलेला अर्थ पुढे एकदा बाहेर आला.

"मी पाणीच कमी पितो, मॅडम. पिशवी भरली की हिला उठावं लागतं."

पाणी कमी, म्हणून अंधारी जास्त. लघवीत गाळ साचून मूत्राशयातून पिशवीत जाणारी नळी तुंबायची, म्हणून डोकेदुखीही. 'मागितलं की मी ओझं झालो' हा एकच विचार बीपीला दोन्ही टोकांना ओढत होता.

आणि मग एका दुपारी माझ्यासमोरच झालं. बोलता बोलता तो थांबला. कपाळावर घामाचे थेंब, कान लाल, दंडावर काटा. बायकोचा हात सवयीने खुर्चीच्या पाठीकडे गेला.

"थांब. आडवं करू नकोस. मांडीखाली नळी बघ."

इतक्या ठाम आवाजात बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. नळी खरंच दुमडली होती. सरळ करताच लघवी पिशवीत धावली. यंत्रावर १५८, थोड्या वेळाने १२६, मग १०४. मी जागची हलले नाही, मुद्दाम. मदत मागताना माणूस लहान होतो, असं त्याला वाटत होतं. इथे तर हुकूम त्याचा होता, हात फक्त बायकोचे. असा क्षण कितीही सल्ल्यांनी आणता येत नाही. जमीन तयार करता येते, ती केली होती, एवढं म्हणते.

त्यानंतर त्याने एक चिठ्ठी सांगून लिहून घेतली आणि खुर्चीला अडकवली: 'माझं नेहमीचं बीपी ९५ ते १०५. मला १४० म्हणजे जास्त.' प्रत्येकाने करावं असं हे काम. तातडीच्या विभागात १४० बघून "ठीक आहे" म्हणणारे भेटतात.

डोकं ठणकत असताना दर दोन-पाच मिनिटांनी बीपी मोजा. कारण सापडत नसेल किंवा वरचा आकडा १५० च्या खाली येत नसेल, तर डॉक्टरांनी आधी लिहून दिलेली गोळी द्या आणि थेट रुग्णालय गाठा. अंधारीसाठी पोटपट्टा, घट्ट पायमोजे, पलंगाचा उसा हळूहळू वर करणं, हे फिजिओथेरपिस्ट शिकवतात. पाणी आणि मीठ किती, ते डॉक्टरांना विचारूनच. पुण्याच्या मे महिन्यात तर जास्तच जपा.

आणखी एक. शरीरसंबंधासाठीची गोळी, सिल्डेनाफिलसारखी, अलीकडे घेतली असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. चढलेलं बीपी उतरवायला नायट्रेट गटातलं औषध दिलं, तर दोन्ही मिळून ते धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतं. हा प्रश्न घरच्यांसमोर विचारला की सगळे पंख्याकडे बघतात, म्हणून मी तो एकट्यात विचारते.