ब्लेडवाल्या वस्तऱ्याने घरी दाढी करायला कसं शिकावं?

तुम्ही लिहिलंय की सलूनमध्ये असतो तसा ब्लेड बदलायचा वस्तरा आणला, व्हिडिओ बघून दोनदा दाढी केली आणि दोन्ही वेळा हनुवटीपाशी कापलं. हात कुठे चुकतोय, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या अंदाजाने चुकतोय तो तुमचा रिकामा हात.

मी सहा वर्षं असल्याच वस्तऱ्याने दाढी करतोय. शिकवलं आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्या काकांनी, साताऱ्यात. सोमवारी दुकान बंद असायचं, तेव्हा शटर अर्धं वर करून ते मला आत घ्यायचे. पहिल्या सोमवारी त्यांनी वस्तरा हातात दिलाच नाही. आरशासमोर उभं केलं आणि म्हणाले, "आधी कातडी ओढायला शीक." डाव्या हाताची दोन बोटं कानापुढे टेकवायची, गाल वर ओढायचा, सोडायचा, परत ओढायचा. अर्धा तास तेवढंच. फेसाने बोटं निसटायला लागली तेव्हा त्यांनी तुरटीचा ओला खडा माझ्या बोटांवर चोळला आणि बोटं गालाला अशी धरली की निसटायचं नावच नाही. ही युक्ती आजही मी रोज वापरतो. आरशाजवळ तुरटी ठेवाच.

ओढण्याला एवढं महत्त्व का, ते सांगतो. जिलेट यांना १९०४ साली अमेरिकेत ज्या रेझरचं पेटंट मिळालं, त्याच घराण्यातलं दुधारी ब्लेड आपण आज मधोमध मोडून वस्तऱ्यात घालतो. साध्या रेझरमध्ये ब्लेडच्या पुढे एक दांडी असते. ती कातडीवर टेकून तिला थोडी ताणते, सपाट करते आणि मगच धार तिथे पोचते. वस्तऱ्यात ती दांडीच नाही. म्हणजे तिचं काम आता तुमच्या डाव्या हाताचं. कातडी सैल राहिली की धारेपुढे तिची बारीक लाट उठते, आणि ब्लेड त्या लाटेत शिरतं.

व्हिडिओतली आणखी एक अडचण अशी की त्यातले बरेचसे जुन्या पोलादी वस्तऱ्याचे असतात, चामड्याच्या पट्ट्यावर घासून धार लावायच्या. तो वस्तरा जड असतो, त्याची धार जराशी मायाळू असते. आपलं ब्लेड जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचं, वस्तरा हलका, आणि धार चूक अजिबात पोटात घालत नाही. सलूनवाल्यांनी हा वस्तरा धरला त्यामागे स्वच्छतेचं कारण मोठं होतं: रक्तातून पसरणारी कावीळ आणि एचआयव्ही यांच्या धास्तीने प्रत्येक गिऱ्हाइकाला नवीन ब्लेड हवं झालं. घरीसुद्धा तुमचं ब्लेड भावाला, मित्राला देऊ नका.

ब्लेड मोडताना त्याचा कागद काढू नका. कागदासकट दोन्ही आखूड टोकं चिमटीत धरायची, लांबीच्या रेघेवर दुमडायचं, टक् आवाज येतो आणि दोन अर्धुकं होतात. अर्धुक वस्तऱ्यात घातल्यावर पट्टी पूर्ण बंद झाली ना, ब्लेड एका टोकाला जास्त बाहेर आलं नाही ना, हे उजेडात बघा. नवशिक्याला पहिलं कापतो तो ब्लेडचा कोपरा, कानाच्या पाळीपाशी आणि मिशीच्या कडेला.

दाढी आंघोळीनंतर करा. केसाला पाणी पिऊन मऊ व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं की केस पोलादापेक्षा पन्नासएक पटींनी मऊ असूनही ब्लेडच्या धारेचे बारीक टवके काढू शकतो, कारण कापला जाताना तो वाकतो. ब्लेड दोन दाढ्यांत का ओढायला लागतं, ते यावरून मला कळलं. मी अर्धुक दोनदा वापरतो, तिसऱ्यांदा नाही. ब्लेडात कंजूषी करू नका.

आता वस्तरा. आधी गालावर सपाट टेकवा, मग पाठ हळूहळू उचला. साधारण ३० अंशांपर्यंत, त्याहून जास्त नाही. जोर द्यायचा नाही, वस्तऱ्याचं वजन पुरतं. कोन बरोबर असला की केस कापल्याचा खरखर असा स्वच्छ आवाज येतो. तो आवाज ओळखायला शिका, आरशापेक्षा तो लवकर सांगतो. हात इंचभर न्यायचा, थांबायचं, कातडी परत ओढायची, पुढचा इंच. धार कातडीला टेकलेली असताना वस्तरा आडवा सरकवायचा नाही, कधीच नाही. सुरीने टोमॅटो कापताना आपण तेच करतो.

पहिले दोन आठवडे फक्त गाल, कल्ल्यापासून खाली, केसाच्या दिशेने. बाकी दाढी नेहमीच्या रेझरने उरका. यात कमीपणा काही नाही, मीही तसंच केलं. मग मान. दोन दिवसांची खुंटं असताना मानेवरून बोट फिरवून बघा. बहुतेकांचे केस तिथे तिरपे किंवा भोवऱ्यासारखे असतात, आणि वस्तरा त्या त्या दिशेने न्यावा लागतो. वर बघायचं आणि गळपट्टीच्या हाडापाशी बोटं टेकवून कातडी खाली ओढायची.

हनुवटी सगळ्यांत शेवटी. तुम्ही तिथूनच चुकलात असं दिसतंय. हनुवटी गोल आहे आणि ब्लेड सरळ, त्यामुळे लांब हात मारला की कोपरा रुततोच. खालचा ओठ दातांवर आत ओढून घ्या, हनुवटीची कातडी बोटाने बाजूला, गालाकडे न्या. गोलाईवरची कातडी सपाट गालावर आली की तिथेच तिच्यावरचे केस कापायचे, दर हाताला अर्धा सेंटिमीटर. मला ही गोष्ट जमायला दीड महिना लागला आणि जमली त्या दिवशी काकांनी स्वतःच्या हाताने हनुवटी चाचपून बघितली. काही बोलले नाहीत, नुसतं शटर खाली घेतलं. मला तेवढं खूप होतं.

उलटा हात, म्हणजे केसाच्या विरुद्ध दिशेने, मारायची घाई करू नका. मानेवर केस आत वळून पुटकुळ्या येत असतील तर कधीच मारू नका. मुरुमं पिकलेली असतील, जखमेचे वण फुगून राहत असतील किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हा वस्तराच नको, साधा रेझर किंवा ट्रिमर बरा. सकाळी आठची बस पकडायची असेल त्या दिवशीही नको. कापलंच तर गार पाणी, मग तुरटी धरून ठेवायची, चोळायची नाही.

आणि वापरलेली अर्धुकं कचऱ्यात सुटी टाकू नका. कचरा वेगळा करणाऱ्या बायकांचे हात त्यात जातात. पावडरच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्याला झाकणावर फट पाडा आणि दाढी झाल्याबरोबर ब्लेड त्यात टाका. माझा डबा सहा वर्षांत अजून अर्धाच भरलाय.