शैक्षणिक कर्ज थकले असता तुमचे हक्क

हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की बँक ते खाते अनुत्पादक (एनपीए, म्हणजे बुडीत जाण्याची शक्यता असलेले कर्ज) ठरवते. परंतु केवळ कर्ज फेडता न येणे हा फौजदारी गुन्हा नाही (न वटलेल्या धनादेशाची गोष्ट वेगळी), त्यामुळे पोलिसांच्या धमकीला घाबरून कशावरही सही करू नका. वसुली प्रतिनिधीने सकाळी 8 पूर्वी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

खरी सावधगिरी घर तारण असेल तेव्हा हवी. 2002 च्या सरफेसी कायद्यानुसार (ज्याखाली बँक न्यायालयात न जाता तारण मालमत्तेचा ताबा घेऊ शकते) ताबा घेण्यापूर्वी बँकेला 60 दिवसांची नोटीस द्यावी लागते. त्या मुदतीत तुम्ही लेखी हरकत नोंदवली, तर ती का फेटाळली याची कारणे बँकेने 15 दिवसांत कळवायची असतात, आणि तरीही ताब्याची कारवाई झाली, तर 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. शेतजमिनीला हा कायदा लागू होत नाही, हे गावाकडच्या पालकांना सहसा कोणी सांगत नाही. सहकर्जदार म्हणून सही केलेले आई-वडील मात्र तुमच्याइतकेच जबाबदार असतात.

हप्त्यांची फेररचना लेखी अर्ज करूनच मागा व पोच घ्या. तक्रारीला बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.