पहिल्या वर्गाला जाताना

ताई, गावातल्या मोठ्या माणसांना शाश्वत विकास शिकवायला निघालात, फार बरं वाटलं. सुरुवातीला एवढं सांभाळा.

व्याख्येने सुरुवात करू नका. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या 1987च्या ब्रुंटलँड अहवालातली व्याख्या (आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का लागू न देणं) चांगलीच आहे, पण ती चौथ्या-पाचव्या बैठकीत. पहिल्या दिवशी फळ्यावर एकच हिशेब मांडा: एक हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी. मग विचारा, "गेल्या वर्षी आपल्याकडे किती पडला? आणि गेला कुठे?" लोक आपणहून बोलू लागतात. माझ्या एका वर्गात एक आजी उठल्या आणि खडूने आपल्या विहिरीची पातळीच काढून दाखवली: दिवाळीला इथे, शिमग्याला इथे, अक्षय्य तृतीयेला तळ. इतका बोलका तक्ता मला कधी जमला नाही.

नव्या माणसाच्या चुका ठरलेल्या असतात:

- लेकरांना समजावल्यासारखं बोलणं. समोरच्यांनी तुमच्यापेक्षा जास्त दुष्काळ पाहिलेत.
- संयुक्त राष्ट्रांच्या 17 शाश्वत विकास उद्दिष्टांची यादी एका दमात वाचणं. एकच घ्या.
- पेरणी-काढणीच्या दिवसांत वर्ग ठेवणं. बाया येणारच नाहीत.

उसाचा विषय निघाला तर कुणाला दोष देऊ नका. डोक्यावरचं कर्ज, पोरांची फी, हेही ऐकून घ्या. पाणी जपून दुष्काळातून सावरलेल्या हिवरे बाजार गावाचं उदाहरण जरूर द्या. शेतीसाठी बोअरवेल नको, हे तिथे गावानेच ठरवलं. पण ते आपल्या गावावर लादू नका.

भूजलाचे नकाशे, कार्बनचा हिशेब सध्या राहू द्या. पहिला वर्ग झाला की कोण काय बोललं ते नक्की कळवा.