उरलेल्या अन्नाची वाटणी म्हणजे फूड बँक का?

प्रश्न : आमच्या वसाहतीजवळचा कारखाना बंद पडल्याने शेजारच्या वस्तीतील अनेकांचा रोजगार गेला आहे. समारंभांत उरलेले जेवण तेथे वाटून फूड बँक सुरू करावी, असे काही सभासदांना वाटते. त्याने वस्तीला खरोखर आधार मिळेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : हेतू चांगला आहे, पण आपण जिला फूड बँक म्हणता ती पंगतीत उरलेल्या अन्नाची वाटणी झाली. लग्नसराई संपली की ती थांबेल. वस्तीतील चूल मात्र रोज पेटवावी लागते.

फूड बँक हे मुळात कोठार असते. अमेरिकेतील फीनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी १९६७ मध्ये पहिली फूड बँक उभारली. दुकानामागच्या कचऱ्यातून मुलांसाठी अन्न वेचणाऱ्या एका आईने, जेथे अन्न ठेवता येईल आणि गरजूंना ते काढून नेता येईल अशी बँक असायला हवी, असे त्यांना सुचवले होते. विकला न गेलेला, पण खाण्याजोगा माल अशा कोठारात जमा होतो आणि निवडून, मुदत तपासून गरजूंपर्यंत किंवा त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांपर्यंत पोहोचतो. पगार बंद झाला तरी घरभाडे आणि कर्जाचा हप्ता थांबत नाही, त्यामुळे काटकसर होते ती डाळ, तेल आणि दूध यांत. अशा घरी महिन्याचा कोरडा शिधा वेळेवर पोहोचला, तर वाचलेले पैसे भाड्याला आणि मुलांच्या शाळेला उपयोगी पडतात.

तेव्हा सुरुवात शिजवलेल्या अन्नाने न करता शिध्याने करावी. त्याआधी कोणाकडे शिधापत्रिका नाही, कोणाचे नाव त्यातून गळले आहे, हे पाहून तेथे मदत करावी. अन्न सुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबांना दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळते, आणि परगावचे कार्ड असलेल्या मजुरालाही ते येथील रेशन दुकानातून घेता येते. आपल्या कोठारात मग डाळ, तेल, मीठ, शेंगदाणे असले तरी पुष्कळ झाले.

घेणाऱ्याला संकोच वाटणार, हे गृहीत धरावे. वाटपाची छायाचित्रे काढण्याची हौस तर कटाक्षाने टाळावी. या बाबतीत आपल्याकडच्या आदिवासी पाड्यांवरील धान्य बँकांची रीत मला अधिक शहाणपणाची वाटते : पावसाळ्यात घरातले धान्य संपले की कुटुंब बँकेतून धान्य उचलते आणि सुगीनंतर थोडे वाढवून परत भरते, त्यामुळे सावकाराच्या सवाई-दिढीच्या, म्हणजे घेतल्याच्या सव्वापट-दीडपट परत करण्याच्या, फेऱ्यात अडकावे लागत नाही. केंद्र सरकारनेही १९९६-९७ मध्ये ग्राम धान्य बँकांची योजना सुरू केली होती. आपल्या वस्तीतही, काम मिळाल्यावर ज्यांची इच्छा असेल त्यांना घेतलेल्या शिध्यापैकी थोडा परत जमा करता येईल, अशी सोय जरूर ठेवावी. सक्ती मात्र नसावी.