वाचकांचे प्रश्न : तोंडाच्या कर्करोगाचे उपचार आणि उतरत जाणारे वजन

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय 61 आहे. गालाच्या आतील कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यानंतर आता 30 पैकी 19 रेडिएशन झाली असून आठवड्यातून एकदा केमोथेरपीही असते. चार आठवड्यांत त्यांचे वजन 62 किलोवरून 57 वर आले आहे. तोंड आतून सोलवटल्यामुळे ते दिवसभरात चार वाट्या पेज तेवढी घेतात. श्रावण असल्याने घरात मासळी नाही. दुधाने कफ होतो आणि साखरेने गाठ वाढते, असे नातेवाईक सांगतात, म्हणून दोन्ही बंद केले आहे. डॉक्टरांनी नाकातून नळी घालण्याचे सुचवले. परंतु ‘नळी म्हणजे शेवट’ असे म्हणून बाबा ऐकत नाहीत. बाकी त्रास नाही. पूर्वी रेडिएशनचा मास्क चेहऱ्याला आवळायचा, तोही आता सैल बसतो. काय करावे?
– एक वाचक, वाळपई

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही शेवटी, सहज म्हणून लिहिले आहे. तो जाळीचा मास्क बाबांच्या चेहऱ्याच्या मापाने बनवलेला असतो आणि रेडिएशनचे किरण नेमक्या जागी पडावेत म्हणून डोके रोज त्याच स्थितीत धरून ठेवणे एवढेच त्याचे काम असते. गालावरचे आणि मानेवरचे मांस उतरले की डोके त्यात किंचित हलू शकते, आणि मग कधीकधी नवा मास्क करून सगळे नियोजन पुन्हा करावे लागते. म्हणून मास्क सैल झाल्याचे उद्याच तंत्रज्ञांच्या आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

62 किलोंतून 5 किलो जाणे म्हणजे आठ टक्के घट झाली. महिन्याभरात पाच टक्क्यांहून अधिक वजन उतरले तर ती गंभीर घट समजतात. यात चरबीबरोबर स्नायूही झिजतात, जखम भरायला वेळ लागतो, जंतुसंसर्ग लवकर होतो, आणि अशक्तपणामुळे मधेच उपचार थांबवावे लागले तर त्यांचा परिणामही कमी होतो. शिवाय तोंड सोलवटणे अजून संपलेले नाही. ते साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होते, उपचाराच्या शेवटी सर्वाधिक असते आणि रेडिएशन संपल्यावरही दोन ते चार आठवडे टिकते. ‘एवढे अकरा दिवस काढू’ हा हिशेब म्हणूनच चुकतो. पुढचा महिनाही धरून चालावे लागेल.

आता पेजेबद्दल, आणि हे मी जरा जपूनच लिहितो, कारण आपल्याकडे आजारी माणसाला उकड्या तांदळाची पेज देण्यात घरची सगळी माया उतरलेली असते. चार वाट्यांत मिळून शंभर ग्रॅम तांदूळ गेला असे धरले, तरी त्यातून 350 च्या आसपास कॅलरी आणि जेमतेम सात ग्रॅम प्रथिने मिळतात. बाबांची गरज मात्र किलोमागे 25 ते 30 कॅलरी, म्हणजे दिवसाला सुमारे 1,400 ते 1,700 कॅलरी, आणि किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम, म्हणजे 68 ते 85 ग्रॅम प्रथिने एवढी आहे. पोट भरल्यासारखे वाटते ते पाण्याने.

पेज बंद करू नका, तिच्यात भर घाला. शिते मिक्सरमधून काढून पेज पाण्याऐवजी दुधात सैल करावी आणि तीत दोन-तीन चमचे दूध पावडर व चमचाभर तूप घालावे. नाचण्याचे तिझन दुधात आणि नारळाच्या रसात करावे. मुगाच्या डाळीचे गाळलेले वरण, गोड दही, कुस्करलेले पनीर आणि अंडे चालत असल्यास पूर्ण शिजवून घोटलेले अंडे द्यावे. श्रावण पाळायचा की नाही हे घरच्यांनी ठरवावे, पण चतुर्थीनंतर मुडदोशी मासळी उकडून, काटे काढून, तिखट-आंबट न घालता नारळाच्या रसात घोटून देता येईल. सोलकढी, लिंबू, मिरची आणि तिरफळ काही महिने दूरच ठेवा. सोललेल्या तोंडाला ती आग लावतात. सगळे कोमट असावे आणि दर दोन तासांनी वाटीभरच द्यावे. डॉक्टरांनी वेदनाशामक दिले असेल तर ते खाण्याआधी अर्धा तास घ्यावे. एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चुळा भराव्यात. वाळपईहून रोज जाऊन-येऊन अर्धा दिवस प्रवासात आणि रांगेत जातो, आणि बहुतेक घरांत दोन वेळचे खाणे नेमके तिथेच बुडते. थर्मास सोबत ठेवा.

नातेवाइकांच्या दोन्ही सल्ल्यांना मान देण्याची गरज नाही. रेडिएशनमुळे लाळच दाट आणि चिकट होते; दूध कफ तयार करत नाही, प्यायल्यावर चूळ भरली की पुरे. साखर बंद केल्याने गाठ उपाशी राहत नाही, कारण अन्न कमी पडले की शरीर स्वतःचे स्नायू मोडून साखर तयार करते. मधुमेह असेल तर मात्र हा भाग डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

नळी शेवटची नव्हे, मधली पायरी आहे, आणि माझे मत स्पष्ट आहे : ती आत्ताच घालावी. काही आठवड्यांसाठी नाकातून पोटापर्यंत जाणारी रायल्स ट्यूब चालते. त्याहून अधिक काळ लागणार असेल तर पोटावरून नळी बसवतात. घरी देताना बाबांना टेकून बसवा, नंतरही किमान अर्धा तास आडवे होऊ देऊ नका. पातळ, गाळलेले अन्न एका वेळी 200 ते 250 मिलीलिटर, सावकाश द्यावे आणि प्रत्येक वेळी शेवटी पाणी सोडून नळी धुवावी. नळीवर नाकापाशी केलेली खूण सरकलेली दिसली तर काहीही न घालता रुग्णालय गाठा. नळी असली तरी गिळण्याची सवय सुटता कामा नये. डॉक्टरांची परवानगी असेल तर तोंडानेही घोट-घोट चालू ठेवावे, नाहीतर नळी काढायला पुढे अधिक वेळ लागतो. मात्र गिळताना ठसका लागत असेल किंवा ताप आला, तर तोंडाने देणे थांबवून लगेच कळवा. पोटात आठवडाभर जवळपास काहीच गेले नसेल, तर एकदम भरपूर अन्न देणेही धोक्याचे असते. अशा वेळी रक्तातील पोटॅशियम आणि फॉस्फेट तपासत, रुग्णालयाच्या देखरेखीखालीच प्रमाण वाढवावे लागते.

प्रश्न : माझे रेडिएशन संपून सात महिने झाले. तोंड कोरडे पडते, पोदेराचा पाव घशाखाली उतरत नाही आणि तोंडही पूर्ण उघडत नाही. वजन वाढायचे नाव घेत नाही.
– एक वाचक, डिचोली

उत्तर : लाळेच्या ग्रंथी किरणांच्या टप्प्यात आल्याने तोंड कोरडे पडते. वर्ष-दोन वर्षांत काही प्रमाणात सुधारणा होते, पण लाळ पहिल्यासारखी होईलच असे नाही. पाव कोरडा न खाता सौम्य रशात पूर्ण भिजवून खावा, घासागणिक पाण्याचा घोट घ्यावा आणि रात्री उशाशी पाणी ठेवावे. तोंडात आपली तीन बोटे उभी मावत नसतील, तर जबड्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून रोज करावेत. चावता येत नाही म्हणून खाणे कमी, हेही वजन न वाढण्याचे एक कारण असते. मानेला रेडिएशन झाले असेल तर थायरॉइडची तपासणी सहा ते बारा महिन्यांनी करून घ्यावी. आणि दाढ दुखू लागली तर ती काढण्यापूर्वी दंतवैद्याला रेडिएशन झाल्याचे आवर्जून सांगा, कारण अशा जबड्याच्या हाडातील जखम लवकर भरत नाही.